तन्वीचे चान्सेस

वर्षात पहिल्यांदा हीटिंग लावलं की आमच्या घरात एक वास येतो. उन्हाळाभर रेडिएटरवर साचलेली धूळ तापते, त्याचा. कोरडा, जरासा जळकट, तासाभरात विरून जाणारा. परवा संध्याकाळी तो आला आणि मी भाजी चिरता चिरता थांबले. सप्टेंबर संपत आला होता. रेडवेच्या, म्हणजे चालायच्या-सायकलींच्या लाल वाटांवर हॉर्स चेस्टनटची चकचकीत तपकिरी फळं पडली होती, कुंपणांवरच्या ब्लॅकबेरी सुकून सुरकुतल्या होत्या. म्हणजे फॉर्मचे दिवस आले.

सतरा-अठरा वर्षांचं मूल घरात नसलेल्यांना हे दिवस कळायचे नाहीत. इथे शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं विद्यापीठाचा फॉर्म भरतात. पाच जागा निवडायच्या, पाचच. बहुतेकांना त्यासाठी जानेवारीपर्यंत वेळ असतो. पण ज्यांना केंब्रिजसारख्या ठिकाणी जायचंय त्यांना ऑक्टोबरच्या मध्यालाच फॉर्म द्यावा लागतो. त्यामुळे त्या दोन-तीन आठवड्यांत आमच्या मराठी मंडळातल्या अर्ध्या घरांत आईबाप हळू आवाजात बोलतात, मुलं दारं लावून घेतात, आणि नवरात्रात भेटलेल्या मैत्रिणी एकमेकींना विचारतात, "मग, काय ठरतंय तुमचं?" प्रश्न साधा असतो. विचारणारीचे डोळे साधे नसतात.

माझे तर नव्हतेच.

परवाच एका नव्या बाईंचा फोन आला. पुण्याहून दोनच वर्षांपूर्वी आलेल्या. "अहो मेघनाताई, तुम्ही म्हणे मुलांचे चान्सेस काढून देता? माझ्या मुलाचं जरा बघाल का?" मी म्हटलं, आता नाही करत मी ते, शाळेतल्या टीचरांशी बोला, त्यांना मुलगा माहीत असतो. त्यांना वाटलं असेल, बाई भाव खातेय.

करायचे मी. नोकरीच डेटाची, आकड्यांचं काही दिसलं की हात शिवशिवतात. मंडळातल्या दोन मोठ्या मुलांसाठी मी एक शीट बनवली होती. दहावीसारख्या इथल्या जीसीएसईचे ग्रेड एका रकान्यात, शाळेने अंदाजलेले बारावीसारख्या ए-लेव्हलचे ग्रेड दुसऱ्यात, सरावपरीक्षेचे मार्क तिसऱ्यात. प्रत्येक रकान्याला किती वजन द्यायचं ते मी ठरवायचे, आणि शेवटच्या चौकोनात रंग उमटायचा. हिरवा, पिवळा, लाल. त्या दोघांच्या बाबतीत रंग खरा ठरला आणि माझं नाव झालं. "मेघनाला विचारा, ती खरं सांगते." नागपूरच्या माणसाला एवढं पुरतं. मी फुगले.

दोन वर्षांपूर्वी त्या शीटमध्ये दोन नावं होती. एक माझी मुलगी रेवा. दुसरी तन्वी.

तन्वी म्हणजे शुभांगीची मुलगी. शुभांगी वर्ध्याची, मी नागपूरची. परक्या देशात तेवढं अंतर म्हणजे शेजार. दोन राउंडअबाउट पलीकडे तिचं घर. ती एका प्रायमरी शाळेच्या किचनमध्ये काम करायची, नवरा गोदामात शिफ्टवर. पोरी चार वर्षांच्या असल्यापासून एका वर्गात. माझी गाडी आणि तिचा वेळ, असं आम्ही दोघींनी मिळून त्यांना वाढवलं. रेवाला ताप आला आणि मला मीटिंग असली की शुभांगी येऊन बसायची. पोहायच्या क्लासला मी दोघींना सोडायचे. इतकी सरळ, इतकी जुनी मैत्री. त्यात मत्सर कधी शिरला ते तारीख-वार लावून सांगता येणार नाही. दुधात मिठाचा खडा पडावा तसं. दूध तेच दिसतं.

पण एक दुपार आठवते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी दोघींना केंब्रिजला विद्यापीठ बघायच्या ओपन डेला घेऊन गेले होते. दोघींनाही नॅचरल सायन्सेस करायचं होतं. ऊन होतं, हिरवळीवर माणसंच माणसं. मी पाच पत्रकं, दोन पिशव्या, एक नकाशा सांभाळत उभी. रेवाने तिथल्या एका प्राध्यापिकेला प्रवेशपरीक्षेबद्दल विचारलं. मीच तिला गाडीत पढवलं होतं काय विचारायचं ते. बाईंनी हसून उत्तर दिलं, झालं. मग तन्वीने विचारलं, पाणी गोठताना पसरतं ते तिला पटतच नाही, बाकी सगळं तर आकसतं. बाई थांबल्या. म्हणाल्या, तुला काय वाटतं? तन्वी हातवारे करत बोलायला लागली, मध्येच स्वतःलाच खोडून काढत, "नो वेट, दॅट्स राँग," म्हणत. बाई शेजारच्या बाकावर बसल्या. तन्वीही बसली. वीस मिनिटं त्या दोघी तिथे होत्या. रेवा माझ्याजवळ उभी राहून बुटाच्या टोकाने गवत उकरत होती.

परतताना दोघी मागच्या सीटवर हसत-खिदळत चिप्स खात होत्या. मी आरशातून तन्वीकडे बघत होते. तिच्या दातांना ब्रेसेस होत्या, ओठांना मीठ लागलेलं. मला ती आवडायची हो. माझ्याच हाताखाली वाढलेली पोर. आणि तरी त्या क्षणी मला वाटलं, हिला हे कुणी दिलं? हिला ट्यूटर नाही, हिच्या घरी पुस्तकांचं कपाट नाही, हिच्या आईला विद्यापीठांची नावं धड सांगता येत नाहीत. मग हिलाच का?

हेवा नुसता असता तर चाललं असतं. हेव्यात निदान 'मलाही मिळो' असतं. माझ्या मनात जे होतं त्याला 'तिला न मिळो' असं शेपूट होतं.

शुभांगीचा तर मला वेगळाच राग यायचा. तिच्या निवांतपणाचा. मी तिला विचारायचे, तन्वीचं फॉर्ममधलं पर्सनल स्टेटमेंट लिहून झालं का? ती म्हणायची, "लिहितेय काहीतरी. मला काय कळतं बाई त्यातलं. तिचं तिला झेपतंय." आणि खिडकीतल्या तुळशीची पिवळी पानं खुडत राहायची. मी रात्रंदिवस ज्या आगीत होते ती तिला शिवतच नव्हती. मला वाटायचं, हिची पोर हिच्या नकळत वर जाणार आणि मी धावून धावून खालीच राहणार.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तन्वी आमच्याकडे आली. हीटिंग त्याच दिवशी पहिल्यांदा लावलं होतं, घरभर तो वास. रेवा बॅडमिंटनला गेली होती. तन्वी डायनिंग टेबलाशी बसली, सगळे ग्रेड तिने एका कागदावर नीट लिहून आणले होते.

"मावशी, स्कूलमध्ये सगळे म्हणतात अप्लाय कर. पण ते सगळ्यांनाच नाइस बोलतात. तू खरा सांगशील. माझी चान्सेस किती आहेत?"

"बघू या," मी म्हटलं, आणि लॅपटॉप उघडला.

आधी मी तिला एक गणित दिलं. रेवाच्या ट्यूटरने दिलेलं होतं; रेवाने ते त्यांनी शिकवलेल्या पायऱ्यांनी सोडवलं होतं, बिनचूक. तन्वीने कागद पुढे ओढला, पेन्सिल दाताखाली धरली, आणि दोन मिनिटांनी हसायला लागली. "हे किती क्यूट आहे! हे उलटं बघायचं." चार ओळींत तिने ते सोडवलं, ट्यूटरनाही न सुचलेल्या रस्त्याने. वर म्हणाली, "अजून आहे का असा एक?"

मार्कांवर मी कधीच जळले नसते. मार्क कमावता येतात. मी जळले ते त्या 'अजून आहे का' वर. माझी लेक एवढी दमलेली असायची आणि ही मागून घेत होती.

तिचे आकडे मी आधीच भरून ठेवले होते. शेवटचा चौकोन हिरवा होता. रेवाचा पिवळा. लॅपटॉप माझ्याकडे वळलेला होता, तन्वीला फक्त त्याची पाठ दिसत होती. तन्वीच्या जीसीएसईत दोन विषय जरा कमी होते; त्या वर्षी तिचे आजोबा वर्ध्याला वारले, परीक्षेच्या तोंडावर. मी जीसीएसईच्या रकान्याचं वजन वाढवलं. पिवळा झाला. आणखी वाढवलं. लाल झाला. तीन सेकंदांचं काम. मग मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

"हे बघ, बेटा," मी म्हटलं. माझा आवाज फार मऊ होता, तो मला अजून ऐकू येतो. "तू हुशार आहेस, प्रश्नच नाही. पण रिअलिस्टिकली बघितलं तर... पाचातली एक जागा तू तिथे वाया घालवशील."

ती त्या लाल चौकोनाकडे बघत राहिली. तिने एकदाही विचारलं नाही की असं कसं. "ओके," ती म्हणाली. "थँक यू मावशी. बरं झालं विचारला तुला."

जाताना मी तिला डब्यात उपमा दिला.

तन्वीने केंब्रिज काढून टाकलं. फॉर्म जानेवारीच्या मुदतीतल्यांबरोबर गेला. रेवाने भरलं. डिसेंबरमध्ये रेवाचा ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला. ती खोलीतून बाहेर आली आणि थेट टोस्ट करायला लागली. जानेवारीत ईमेल आली. विनम्र, चांगल्या शब्दांतला नकार. मी रेवाला जवळ घेतलं, तीही रडली, मीही. आणि त्या रडण्याच्या तळाशी, सांगायला लाज वाटते, एक थंड समाधान होतं: तन्वीही तिथे जाणार नाहीये.

त्या महिन्यांत मला सर्वांत असह्य काय झालं असेल तर शुभांगीचे आभार. पेरेंट्स इव्हनिंगला फिजिक्सच्या सरांनी तिला विचारलं होतं, तन्वीने केंब्रिजला का नाही टाकलं, आम्हाला आश्चर्य वाटलं. शुभांगीने मला फोन करून सांगितलं. "मी म्हटलं त्यांना, आमची एक मैत्रीण आहे, तिने सगळा हिशोब करून सांगितलं. तू होतीस म्हणून बरं गं मेघना. रेवासारखं पोरीचं मन मोडलं असतं उगाच." मी फोन कानाला धरून सिंकमधला नळ सोडला, काही ऐकू येऊ नये म्हणून.

ऑगस्टमध्ये निकाल लागले. रेवाला तिच्या शेफील्डच्या कोर्सला पुरतील असे छान ग्रेड मिळाले. तन्वीला सगळे ए-स्टार, सर्वांत वरचे. शाळेच्या हॉलमध्ये शुभांगी किचनचा टॅबार्ड, तो एप्रनसारखा अंगरखा, घालूनच आली होती, ड्युटीवरून. ती आणि तन्वी एकमेकींना धरून नुसत्या डोलत होत्या. मी फोटो काढला. फोटोत सगळे हसताहेत. काढणारी दिसत नाही, हे बरं असतं.

चार दिवसांनी तन्वी परत आली. तेच टेबल.

"मावशी, सर म्हणाले की मी एक वर्ष गॅप घेऊन परत अप्लाय करू शकते. केंब्रिजला. आता ग्रेड्स हातात आहेत ना. पण मँचेस्टर पण मिळालाय. मला कन्फ्यूज होतंय. तुझा शीट परत काढ ना."

मी फाइल उघडली. तो चौकोन लालच होता. वजन मी कधी पूर्ववत केलंच नव्हतं. दहा महिने ते तसंच पडून होतं. आणि समोर ती, तितक्याच विश्वासाने, हाताची घडी टेबलावर ठेवून. परत खोटं बोलणं अगदी सोपं होतं. 'मँचेस्टर छान आहे, कशाला एक वर्ष घालवतेस,' एवढंच म्हणायचं होतं. ते कुणालाही शहाणपणाचंच वाटलं असतं.

मी म्हटलं, "तन्वी, मागच्या वेळी हा हिरवा होता. तू बसली होतीस तिथे, आणि मी इथे बसून तो लाल केला."

तिला कळलं नाही. "म्हणजे मिस्टेक झाली?"

"नाही. मुद्दाम केला."

मी तिला दाखवलं कसं. आकडा खाली आणला, चौकोन पिवळा झाला, मग हिरवा. ती बघत होती. मग तिने विचारलं, "का?"

"तू रेवापेक्षा चांगली होतीस. मला ते बघवलं नाही."

ती रडेल, ओरडेल, असं मला वाटत होतं. तिने फक्त खुर्ची मागे सरकवली. दारात बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, एक नाडी दोनदा. मग म्हणाली, "आईला तू सांग. मी नाही सांगणार." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी शुभांगीकडे गेले. ती मागच्या बागेत घेवड्याच्या शेंगा तोडत होती, टोपली अर्धी भरलेली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती ऐकताना शेंगा तोडतच राहिली, कोवळ्या, जून, सगळ्या सरसकट.

शेवटी म्हणाली, "तिने मला विचारलं होतं. आई, तुला काय वाटतं, मी टाकू का? मी म्हटलं, मला काय कळतं, मेघनामावशी सांगेल ते कर." तिचा आवाज चढला नाही. "मी माझ्या पोरीपेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास ठेवला गं."

"शुभा, मी..."

"तू जा आता."

मी गेले. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. मंडळात दिसली तर ती मान हलवते, ओळखीच्या माणसाला हलवावी तेवढीच.

रेवाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती पलंगावर बसून युनिव्हर्सिटीला न्यायच्या चादरींची घडी घालत होती. मला वाटलं होतं ती मैत्रिणीसाठी चिडेल. ती चिडली, पण आधी दुसरंच काही तिच्या लक्षात आलं. "म्हणजे तुझ्या शीटमध्ये मी हरलेच होते," ती म्हणाली. "मी टेस्ट पण दिली नव्हती तेव्हा, आई. आणि तू आधीच ठरवलेलं की मी तिच्यासमोर टिकणार नाही."

एवढे दिवस मी समजत होते की मी हे लेकीसाठी केलं. तिच्या वाटेतला एक दगड बाजूला केला. आणि तिला त्यातून ऐकू आलं ते इतकंच की आईचा माझ्यावर भरवसा नव्हता. मत्सर आपण दुसऱ्याच्या पोरीकडे बघून करतो, पण त्याची पहिली ठेच आपल्याच घरात लागते.

तन्वीने गॅप घेतली नाही. ती मँचेस्टरला गेली. का, ते मला ठाऊक नाही. तिला खरंच तिथेच जावंसं वाटलं असेल, किंवा केंब्रिजचं नाव तिच्यासाठी विटलं असेल. विचारायचा हक्क मी घालवून बसले. तिने त्या वर्षी फॉर्म भरला असता तर तिला मिळालं असतंच असंही नाही. हिरव्या चौकोनांच्या मुलांनाही नकार येतात, पिवळ्यांना होकार येतात. खरं म्हणजे माझ्या त्या रंगांना काही अर्थच नव्हता, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी ते कधी पाहिलेही नसते. तिलाही रेवासारखीच ती विनम्र ईमेल आली असती, कदाचित. पण तो 'कदाचित' तिचा होता. मी तो तिच्या हातातून काढून घेतला, आणि वर डबा दिला.

लोकांना वाटतं, कबुली दिली की माणूस मोकळा होतो. मी झाले नाही. मत्सरही गेला नाही. मागच्या महिन्यात तन्वीचा फोटो कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला: उन्हाळ्यात तिला तिथल्या एका लॅबमध्ये काम मिळालं होतं, डोळ्यांवर मोठा गॉगल, ब्रेसेस निघालेल्या, हसतेय. पहिल्या वर्षाच्या किती मुलांना असं मिळत असेल? माझा अंगठा फोटोवर थांबला आणि छातीत तीच ओळखीची कळ आली, जुन्या दुखण्यासारखी, हवा बदलली की उठणारी. फरक एवढाच की आता मी त्या कळेला नावाने ओळखते. मी फोटोला अंगठा दिला नाही, हृदयही दिलं नाही. फोन पालथा ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेले. माझ्या हाताशी लॅपटॉप नसलेला बरा, हे मला आता कळतं.

काल रविवारी दुपारी रेवाचा व्हिडिओ कॉल आला. यंदा दिवाळी लवकर, तीन आठवड्यांवर आली आहे. ती तिच्या शेफील्डच्या घरातल्या किचनमध्ये होती, मागे कुणीतरी खिदळत होतं, आणि गॅसवर काहीतरी उतू जात होतं.

"कोण गं?"

"तन्वी आलीय वीकेंडला. ट्रेनने तासच लागतो ना."

या दोघी एकमेकींकडे जातात-येतात हे मला माहीत नव्हतं. रेवाने कधी सांगितलं नव्हतं, आणि का नाही सांगितलं ते मी विचारलं नाही. फोन जरासा कलला आणि क्षणभर तन्वी दिसली, ओट्यावर चढून बसलेली, पाय हलवत. तिला माझा चेहरा दिसला असणार. "हाय मावशी," ती म्हणाली. अगदी साधं, जसं कुणालाही म्हणावं. मग खाली उतरून पातेल्याकडे गेली. त्या दोघींनी आपसांत ते कसं मिटवलं असेल? किती बोलल्या असतील माझ्याबद्दल, की बोलल्याच नसतील? माझ्याकडे वीस वर्षांची नोकरी आहे, घर आहे, नवरा आहे, आणि मी फोनच्या चौकटीत त्या दोन पोरींच्या पसरलेल्या किचनकडे बघत उभी होते, भुकेल्या माणसाने खानावळीत डोकावावं तशी.

रेवा काहीतरी खात होती. मूठ भरून तोंडात टाकत होती, कुरुमकुरुम आवाज येत होता.

"काय खातेस?"

"चिवडा. शुभांगीमावशीने पाठवलाय तन्वीबरोबर. दोन डबे. एक तिला, एक मला." तिने डबा कॅमेऱ्यासमोर धरला. झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर शुभांगीच्या ठसठशीत, किंचित डावीकडे झुकणाऱ्या अक्षरात लिहिलं होतं: रेवा.

मी त्या अक्षराकडे बघत राहिले. मग विचारलं, "कसा झालाय?"

रेवाने आणखी एक मूठ तोंडात टाकली, चावत चावत विचार केला.

"तिखट," ती म्हणाली. "तुला आवडला असता."